बेबी ऑफ करिष्मा

नाव अजून ठेवलेलं नाही.
केसपेपरवर लिहिलंय: बेबी ऑफ करिष्मा ऐवळे,
वय बावन्न दिवस, राहणार हरिपूर.

"पिवळी कुठं हाय, मॅडम," करिष्मा म्हणते,
"आमच्यात समदीच पिवळी."
आणि तळहात पुढे करते:
नखांच्या कडा, बोटांच्या रेघा,
नवऱ्याच्या बनियनची बगल.
यार्डात हळदीचे सौदे निघाले की
खोकलासुद्धा पिवळा येतो म्हणे.
अशा घरात कावीळ
ओळखीची असल्यासारखी येऊन बसली.
कुणी विचारलं नाही, कोण तू.

विचारलं नसीम मुल्लानं. आशाताई.
मानधन तीन महिने थकलेलं.
पोर तोलली, वजन लिहिलं,
आणि जाता जाता धुवायला टाकलेलं लंगोट उलगडून पाहिलं.
पांढरी म्हणजे, तिनं मला फोनवर सांगितलं,
पानवाल्याच्या बोटाला असतो तसा.
चुना, मॅडम. ओला चुना.

हळदीत चुना पडला की कुंकू होतं.
सांगलीत हे कुणाला सांगायला नको.
माणसाच्या पोटात तसं होत नाही.

सव्वीस वर्षं मी एकच प्रश्न विचारत आलेय,
लग्नाच्या पंगतीत, बारशाला,
एकदा तर एसटीत शेजारच्या बाळंतिणीला:
शी कुठल्या रंगाची?
लोक ताट बाजूला सारतात. सारू देत.
मोठ्यांची साठीशांत वर्षं मोजून करतात,
या पोरांची साठी दिवसांची.
पित्ताची वाट बुजलेली, यकृत रोज थोडं लाकूड होतं,
आणि साठ दिवस उलटले की
माझ्या हातातलं बरंचसं जातं.

ऑपरेशनचं नाव सांगताना मी अडखळते.
ते एका जपानी सर्जनचं नाव. भला माणूस असणार.
पण आपल्या भाषेत त्याचा जो अर्थ लागतो
तो आईसमोर बोलवत नाही.
"नवी वाट करून देणार," एवढंच म्हणते.
तायाप्पा मात्र दहावीपर्यंत शिकलेला,
फॉर्मवरचं इंग्रजी बोटानं जुळवत जातो,
मग मान वर करतो. "कसाई?"
"आडनाव आहे हो."
तो बराच वेळ गप्प.
"आडनाव काय कुणी मागून घेतंय व्हय," म्हणतो,
आणि सही करतो.

त्याचा बाप हळदीच्या पेवात उतरायचा.
पेवाचं तोंड फोडलं की लगेच आत जायचं नाही,
आधी दोरीनं कंदील सोडायचा,
विझला तर माणूसही विझतो.
चोपन्नाव्या दिवशी मी तेच केलं.
पित्ताशय सुकून तासगावच्या बेदाण्याएवढं.
त्यात रंग सोडला, फोटो काढला.
रंग कुठंच गेला नाही.
मग यकृताच्या उंबऱ्यापाशी तो तंतूंचा गठ्ठा
पातळ पातळ कापत गेले,
भिंगातून दिसतील न दिसतील अशा छिद्रांपर्यंत,
आणि आतड्याचा पदर वर ओढून तिथं टाचला.
साडेचार तास.
भोरे सिस्टर मध्येच काहीतरी म्हणाल्या,
काय ते आजही आठवत नाही.

सहाव्या दिवशी पहाटे चारला
करिष्मा वॉर्डातून पळत आली,
लंगोट ओंजळीत, प्रसाद आणावा तसं.
"आला, मॅडम! आला!"
हिरवट पिवळा. ताज्या हळकुंडाचा.
आम्ही दोघी ट्यूबलाइटखाली उभ्या राहून
तो बघत होतो.
नवव्या दिवशी पुन्हा फिकट.
अकराव्या दिवशी पुन्हा रंग.

मी सांगितलंय त्यांना, लपवलं नाही:
काहींची वाट चालू राहते,
काहींची पुन्हा बुजते,
मग पुणं, नवं यकृत, कुणाच्या तरी अंगातलं.
तायाप्पानं तेव्हा स्वतःच्या बरगडीखाली हात ठेवला,
विचारलं काहीच नाही.

डिस्चार्जचा कागद भरताना भोरे सिस्टर म्हणाल्या,
"आता तरी नाव सांगा, बेबी किती दिवस लिहू?"
"ठेवू की," करिष्मा म्हणाली,
"आठ दिवस शी बघू द्या आधी."